क्रेनची कंबर

आमच्या ह्यांना सगळे 'क्रेन' म्हणायचे. काम घरसामान हलवायचं. एक ट्रक, दोरखंड, गुंडाळायला जुन्या चादरी आणि दोन जोडीदार. पण फ्रिज असो नाहीतर लोखंडी कपाट, हे पाठीवर घेऊन एकटेच जिना चढणार. कुणी पुढे आलं की, "सर बाजूला, लुडबुड नको!" बघणारे तोंडात बोटं घालायचे आणि हे आणखी फुगायचे. जोडीदार मला 'क्रेनवहिनी' म्हणत.

आणि ही क्रेन बंद कशानं पडली? मोज्यानं! सकाळी जमिनीवरचा मोजा उचलायला वाकले आणि "आई गं" करून तिथंच अडकले. वर येता येईना की खाली बसता येईना. मी आधी हसले, मग त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू पळालं.

त्यानंतर घरगुती डॉक्टरांची रीघ लागली. थोरल्या दिरांनी फळी आणून दिली, म्हणाले, यावर पडून राहा, अजिबात हलू नकोस. शेजारचे काका शीर उतरवायला म्हणून पाठीवर पाय द्यायला निघाले होते, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. फळीवर मात्र हे निमूट पडून राहिले. दुखणं कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरलं, पायाला मुंग्या यायला लागल्या. एक दिवस हे मोरीकडे जाताना डावी चप्पल फटक-फटक वाजली. पाऊल उचललंच जात नव्हतं. झालं, मग मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. गाडी बोलावली आणि ह्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "टाचांवर चालून दाखवा." उजवा पाय चालला, डावा पंजा लोंबला. मग कमरेचे एमआरआयचे फोटो काढले. कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती.

"एका मोज्यानं?" ह्यांचा विश्वास बसेना.

"मोजा नुसतं निमित्त. इतकी वर्षं वाकून, पिळवटून, एकट्यानं ओझी उचललीत. चकती कधीची कुरकुरत असणार."

"ऑपरेशन करायचं का?" मी विचारलं.

"आत्ता नाही. पाऊल आणखी लुळं पडलं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर तडक या, घरात वाट बघत बसू नका. तोवर गोळ्या, चालणं, व्यायाम. बरेच जण तेवढ्यानं सुधारतात. पाय मी अधूनमधून तपासत राहीन. पण ती फळी आजच काढून टाका."

"परत सामान उचलता येईल?"

"पाय सुधारला तर येईल. पण एकट्यानं नाही."

परत येताना हे गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते. म्हणाले, "दुसऱ्यांच्या हातानं उचलायचं, तर मी क्रेन कसला?" मला रडू आलं आणि रागही आला. "अहो, पाय गेला तर दोन हात घेऊन काय करणार आहात?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र हट्टाला पेटले. व्यायाम शिकवायला होती एक काडीसारखी मुलगी. तिनं ह्यांच्यापुढे रिकामं खोकं ठेवलं. "गुडघ्यात वाका. खोकं पोटाशी धरा. वळायचं तर पाय वळवा, कंबर नाही." हे लाल झाले, "अगं, मी फ्रिज उचलतो!" ती शांतपणे म्हणाली, "उचलत होता, काका."

घरी मीच त्या खोक्याची मालकीण झाले. आधी उशी ठेवली, मग पातेली, पुढे तांदूळ. शिव्या देत का होईना, हे रोज उचलायचे, आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीत चालायचे. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. चप्पल वाजायची. हळूहळू कमी वाजायला लागली.

शेवटी डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवायचं होतं. मी डबा घेऊन गेले. डबा कसला, पाळत ठेवायला गेले. जोडीदार सवयीनं भिंतीला टेकून उभे होते. ह्यांनी कपाटाला हात घातला आणि माझा जीव टांगणीला लागला. आता एकट्यानं ओढलं की संपलं सगळं.

हे थांबले. कान लालभडक झाले.

"जरा हात लावा रे."

कुणी हलेना! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हे आपल्याला म्हणतायत हेच त्यांना कळेना.

"तुम्हालाच सांगतोय, बहिऱ्यांनो!"

तेव्हा धावले. तरी एक कोपरा मोकळाच होता. मी डबा खिडकीत ठेवला आणि तो कोपरा धरला.

"तू कशाला?"

"गुडघे वाकवा," मी म्हटलं, "आणि कंबर वळवू नका."

कपाट उचललं गेलं. जिन्यात अंधार होता, पायरी दिसत नव्हती, म्हणून मी त्यांच्या बुटांच्या आवाजावर उतरत होते. दोन्ही पावलं सारखी पडत होती.