दुसऱ्याकडे दाखवलेलं बोट

शांतवनकाका गेल्याचा निरोप मला मिलच्या गेटवर मिळाला आणि मनात पहिला विचार आला... सुटलो. आता दर रविवारी मला कोणी विचारणार नाही. मग स्वतःचीच अशी लाज वाटली की वॉचमनच्या स्टुलावर बसून मी ढसाढसा रडलो. महिना झाला त्याला.

काका इथल्या, गुजरातेतल्या बमरोलीत आमच्याच चाळीतले, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आमच्याच मिलमध्ये कापड तपासायला. दिवसभर ताके उलगडून डाग शोधायचे आणि रविवारी चर्चहून आले की आम्हा खानदेशी मंडळींना चहा पाजून बायबलातल्या गोष्टी सांगायचे. देवानं माणूस चांगलाच घडवला, पण पुढं बिघडला, आणि त्यात तू आलास, मी आलो, आमचे पाद्रीबाबाही आले, असं म्हणून खदखदून हसायचे. पाप म्हणजे दारू-जुगार एवढंच आम्हाला ठाऊक. काका म्हणायचे, ती नुसती वरची साल. स्वतः साखरेचा आजार असून चोरून तुपातली गोड घारी खायचे, मुंग्यांनी खाल्ली म्हणून काकूंना सांगायचे, आणि रविवारी आमच्यासमोर, काकूंच्या देखत, सगळं कबूल करायचे. काकू कपाळाला हात लावायच्या.

मी तेव्हा रंगखात्यात होतो. माझा मेहुणा सुभाष नुकताच धुळ्याहून आलेला, शेठनं त्याला माझ्याच हाताखाली दिलं होतं. एक दिवस गप्पांच्या नादात मी चिठ्ठीवर रंगाचं वजन चुकीचं लिहिलं, त्यानं तेवढं घातलं, आणि फिक्या गुलाबी साड्या भडक राणी रंगाच्या होऊन निघाल्या. शेठनं विचारताच मी बोलून गेलो, "शेठ, वजन यानं केलं. हा माणूस तुम्हीच मला दिला." सुभाषला तिथल्या तिथे घरी बसवलं. बायकोनं भावासाठी शेठला शिव्या घातल्या आणि मी गुपचूप मान डोलावली.

काकांजवळ मात्र माझं खोटं टिकलं नाही. वाटलं, रागावतील. ते हसतच सुटले. "अरे, पहिल्या माणसानं बागेत हेच केलं. नको म्हटलेलं फळ खाल्लं, झाडाआड लपला, आणि देवानं विचारलं तर म्हणतो, तुम्ही दिलेल्या बाईनं मला खायला घातलं. बाईनं सापाकडे बोट दाखवलं. तू काय नवीन केलंस?" मग हसू आवरून म्हणाले, "खाण्यापेक्षा हे बोट वाईट. पण देव त्यांना शोधत आला होता, हे विसरू नको. चल, शेठकडे जाऊ."

गेलो. शेठनं गुजरातीत माझी यथेच्छ धुलाई केली, मला टाक्या घासायला लावलं आणि सुभाषला परत घेतलं. सुभाषला मात्र मी काहीच सांगितलं नाही. शेठला दया आली असेल, असंच त्याला वाटू दिलं. काका दर रविवारी हळूच विचारायचे, "त्याला सांगितलंस?" दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही तेच विचारलं... मी म्हणालो, सांगतो.

परवा काकूंकडे गेलो, तर सुभाष स्टुलावर उभा राहून त्यांचा पंखा दुरुस्त करत होता. आता विचारणारं कोणी नाही, हेच मला सोसवेना. खाली उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो स्क्रू पिळत राहिला.

"माले तवयच मालूम व्हतं, दाजी. चिठ्ठीवर अक्षर तुमनंच व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काका बोलू देत नव्हते. म्हणायचे, तो आपणहून येईल." सुभाष खाली उतरला, हात पुसले. "दर रविवारी मलाही विचारायचे, आला का रे तो? मी म्हणायचो, अजून नाही."