मनाचा डॉक्टर, पण नेमका कुठला?

माझं शिक्षण चौथी. मनाच्या डॉक्टरांच्या डिग्र्यांवर मी लिहितोय म्हणून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. मी त्या ओळखायला शिकलो, कारण माझी बायको घरात राहणार की जाणार हे त्यावर ठरायचं होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आकुर्डीला एका कंपनीत ड्रिल मशीनवर होतो, जवळच चाळीत एक खोली. आमचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं आणि बायको गप्प झाली. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. नळाखाली बादली भरून वाहायला लागली तरी ही तशीच उभी. शेजारणी ओरडल्या की मग भानावर यायची.

वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळं घरात शब्द चुलत्याचा. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या आले, तिच्याकडं पाहिलं आणि तिच्यासमोरच मला म्हणाले, "डोकं गेलंय हिचं. माहेरी पोचीव. दिवाळी झाली की तुझं दुसरं बघू."

"तात्या, मशीन बंद पडलं तर आमी मेंटेनन्सला बोलावतो. लगेच भंगारात न्हाई घालत."

"बाईमाणूस हाय ती, मशीन न्हाई."

"म्हणून तर म्हणतो," मी म्हणालो.

तिला बरं करायला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. तीही मेहेरबानी केल्यासारखी.

शेजारच्यानं सांगितलं, चिंचवडला एक मनाचा डॉक्टर बसतो. गेलो. पाटीवर नावापुढं इंग्रजी अक्षरांची एवढी लांब रांग की ती वाचायला मान फिरवावी लागे. आत पांढरा कोट. त्यानं बायकोला एक शब्द विचारला नाही. डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि म्हणाला, "शॉक द्यावे लागतील. मागच्या खोलीत सोय आहे."

आता आमच्या कंपनीची एक रीत सांगतो. नवा माणूस कितीही कागद घेऊन आला तरी फोरमन आधी विचारायचा, "ट्रेड कुठली?" मग लोखंडाचा तुकडा हातात द्यायचा, दाखव करून. फिटरनं इलेक्ट्रिकचा डबा उघडला तर त्याला मेमो मिळायचा, मग तो फिटर कितीही हुशार असो. प्रत्येकाला आपली हद्द माहीत होती. मला जगात वागायची तेवढीच एक पद्धत येत होती, ती मी तिथं वापरली.

"साहेब, तुमची ट्रेड कुठली?"

"काय?"

"शिकलात काय तुमी?"

त्यानं भिंतीवरची फ्रेम दाखवली. मी म्हणालो, इंग्रजी येत नाही, तुम्हीच वाचून सांगा. तो आधी चिडला, मग बोलला. संमोहनविद्येचा कोर्स. पोस्टानं केलेला.

"आन् करंट कोण देणार?"

"मीच."

"वायरमनचं लायसन तरी हाय का?"

बाहेर बसलेली माणसं हसली. त्यानं मला अडाणी म्हटलं, हाताला धरून बाहेर काढलं. मी बायकोला घेऊन उजळ माथ्यानं निघालो. अडाणी तर मी होतोच. शहाण्या माणसाला विचारायची लाज वाटते, मला वाटली नाही.

कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस. आधी एम.बी.बी.एस., आणि त्यावर मनोविकाराचं वेगळं शिक्षण, असा असेल तोच मनाचा डॉक्टर. गोळ्या आणि शॉक, दोन्ही त्याचं काम." त्यांनी पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथं गेलो, तर आम्हाला आधी एका बाईंच्या खोलीत बसवलं. सुती पातळ, केसांचा अंबाडा, समोर ना स्टेथोस्कोप ना काही. मला बाहेर जायला सांगितलं. मी दारालाच चिकटून उभा. मग आतून रडणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला होता. मी दार ढकलून आत शिरलो आणि बाईंना म्हणालो, "रडवलंत ना? आता गोळी लिहून द्या."

"मी औषध लिहून देऊ शकत नाही."

"म्हंजी तुमी डॉक्टर न्हाई?"

"नाही. मी मानसशास्त्रज्ञ."

माझं डोकंच फिरलं. पुन्हा तीच फसवणूक, असं वाटलं. ज्याला गोळी लिहायचा हक्क नाही तो हेल्पर, हा माझा हिशोब. मी मोठ्यानं म्हणालो, "आमाला हेल्परकडं बसवलं व्हय? मोठ्या माणसाला बोलवा."

शिपाई धावत आला. "ओ पाव्हणं, बाईंशी नीट बोला. अडाण्यासारखं काय विचारता?"

"अडाणी हाय म्हणूनच विचारतो. तुला ठावं हाय तर तू सांग."

त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला जायला सांगितलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "विचारा काय विचारायचं ते."

मी सगळं विचारलं. त्या मानसशास्त्रात एम.ए. झाल्या होत्या आणि त्यावर दवाखान्यातच राहून रुग्णांबरोबर काम करायचं दोन वर्षांचं शिक्षण. चाचण्या घेणं आणि बोलून उपचार करणं हे त्यांचं काम. पलीकडच्या खोलीत डॉक्टर, ते गोळ्या देतील. आणखी एक समाजसेविका होत्या, त्यांचंही कॉलेजचं शिक्षण झालेलं, त्या घरच्यांशी बोलणार, लागलं तर घरीही येणार.

"म्हंजी टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन," मी म्हणालो. "कुणी कुणाचा हेल्पर न्हाई."

त्या हसल्या. "मग यातली मी कोण?"

"ते काम बघून सांगीन."

माफी मी मागितली नाही. विचारणं हा गुन्हा आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. डॉक्टरांनाही तेच प्रश्न विचारले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून का होईना, उत्तरं दिली. शॉकची गरज नाही म्हणाले, गोळ्या दिल्या.

दर आठवड्याला सुट्टीच्या वारी जायचो. तिला झोप लागू लागली. नळावर ती बादली वेळेत उचलू लागली. बोलायची मात्र थोडंच.

दिवाळी झाली आणि तात्या आले. बरोबर तिचा भाऊ, आणि रस्त्यावर उभी केलेली भाड्याची जीप. त्या दिवशी आमचा पुण्याचाच वार होता. तिनं चहा ठेवला. तात्या म्हणाले, "वेड्याच्या डॉक्टरकडं नेतोस म्हणं. घराण्याची इज्जत घालीवली. लुगडी बांध म्हण तिला."

तिचा भाऊ खाली मान घालून बसला होता. मी डॉक्टर कोण, बाई कोण, कुणाचं काय शिक्षण, हे सगळं सांगायला लागलो. तात्यांनी हात झटकला.

"मरू दे तुझ्या डिग्र्या! मी सांगतो ते ऐक."

"हिला इचारा," मी म्हणालो.

आमच्याकडं मोठ्यांच्या बैठकीत बाईला विचारायची पद्धत नव्हती. ती कपबशा घेऊन उभी होती. पदर डोक्यावर, नजर खाली. पण बोलली ती सरळ तात्यांशी.

"मामंजी, माझं बाळ गेलं. तुमी दुसरीचं काढलं. माझ्या आईनं नवस काढलं. ह्यांनी जो भेटंल त्याला डिग्री इचारली. बाळ कसं व्हतं, हे त्या एका बाईंनी इचारलं. मला तिथं जायचंय. माहेरी न्हाई."

माझाही नंबर लागला होता त्यात. लागू दे. तिला बोलता आलं, तेही तात्यांसमोर.

तिचा भाऊ उठला. "तात्या, जीप सोडून देतो," म्हणाला आणि बाहेर गेला. तात्या तसेच बसून. बशीत चहा ओतलेला, त्यावर साय धरायला लागलेली.

तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून मला म्हणाली, "चला की. बस चुकंल. आन् तिथं गेल्यावर दाराला चिकटून उभं ऱ्हाऊ नका."

आम्ही निघालो. तात्यांना म्हणालो, जाताना कडी तेवढी घाला.