जिवंत माणसाचा दगड

क्रोटोन गावाच्या वेशीबाहेर यूफ्रोनच्या नावाचा दगड उभा आहे, आणि यूफ्रोन माझ्या परसात शेळीचं दूध काढतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तो माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून बडबड्या. भांडी विकायला बसला की गिऱ्हाईक भांडं विसरून त्याच्या गप्पा ऐकत बसायचं. असा माणूस पायथागोरसच्या पंथात जातो म्हणाला, तेव्हा आळी पोट धरून हसली. पायथागोरस जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. टेकडीवरचा मठ निकांद्रोस गुरू चालवायचे. तिथे नव्या शिष्याने पाच वर्षं तोंड उघडायचं नाही. गुरूंचं दर्शनही नाही; ते पडद्याआडून शिकवणार. पाच वर्षं निभावली की पडद्यापलीकडे जाऊन समोर बसायचं. मधेच मौन मोडलं तर तो माणूस मेला असं धरून त्याच्या नावाचा दगड उभारायचा, आणि पुढे तो समोर आला तरी ओळख द्यायची नाही.

"तू आठवडा काढलास तर मी बोकड कापीन," मी त्याला चिडवलं.

"कापू नकोस गं ताई. त्या बोकडात आपला आजाच जन्माला आला असेल, कुणी सांगावं?"

एवढं बोलून तो गेला आणि गप्प झाला. मी मठाच्या मागच्या खिडकीतून सातूची भाकरी द्यायचे, तो नुसता हसायचा. पाचवं वर्ष सरत आलं, तशी त्याची नजर पडद्यावरून हलेना. पडद्याआडच्या गुरूंचा चेहरा पाहायचा, एवढी एकच इच्छा त्याला उरली होती.

इकडे गाव तापलं होतं. मठातली मंडळी कारभारात शिरतात, आपल्याला तुच्छ लेखतात, असं जो तो बोलायचा. एका दुपारी मी भाकरी घेऊन टेकडी चढले, तर मठाच्या पुढच्या दाराला बैलगाडी आडवी लावलेली. माणसं भिंतीला काटक्या रचत होती. तेलवाला लाकोन हातात पेटता पलिता घेऊन उभा होता.

"मेलिता, घरी जा," तो म्हणाला. "उद्या ये, तुझी भाकरी इथल्याच निखाऱ्यावर भाजू."

मी मागच्या बाजूला धावले. मागचं दार आतून बंद. खिडकी मांजर शिरेल एवढीच. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आग लावतायत! बाहेर या!"

आत बसलेल्या शिष्यांपैकी एकानेही मान वळवली नाही. बाहेरचा आवाज कानावर घ्यायचा नाही, ही त्यांची शिकवण. शिष्यांची परीक्षा पाहायला गुरू मुद्दाम बाहेर आरडाओरडा करवायचे, म्हणून त्यांना वाटलं, ही तसलीच परीक्षा. पडद्याआडून संथ आवाज येतच होता: सगळं जग अंकांवर उभं आहे, तारेच्या लांबीत सूर लपलेला आहे. आणि छपरातून धूर झिरपत होता! मला त्या शहाण्यांचा असा संताप आला की काय सांगू.

यूफ्रोन उठला. त्याने मागच्या दाराचा अडसर काढला. शेजारच्याला गदागदा हलवलं. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. दुसऱ्याने हात झटकला. गड्याचा संयम शेवटी सुटला, असंच त्यांना वाटलं असणार. यूफ्रोनने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पाहतच राहिला. वरचे वासे तडतडायला लागले.

"आग आहे!" तो ओरडला. "परीक्षा नाही! उठा, मागच्या दाराने पळा!"

इतकी वर्षं न वापरलेला तो आवाज मलाही ओळखू आला नाही. आतल्या माणसाचा आवाज म्हटल्यावर मात्र सगळे उठले. धुरात कोण कुठून निघालं ते दिसलं नाही, पण सगळे वाचले, गुरूसुद्धा. मंडळी दुसऱ्या गावी गेली. जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. यूफ्रोनचा दगड उभारला.

पुढच्या वर्षी पितरांच्या दिवशी मी त्याला ओढतच दगडापाशी नेलं. पंथातलं कुणीतरी येतं, अशी कुणकुण होती. मला त्यांना तोंडावर जाब विचारायचा होता.

एक म्हातारा आला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. दगडावर दूध आणि मध ओतला आणि बोलायला लागला. यूफ्रोनने माझा दंड घट्ट धरला. तो आवाज पडद्याआडचा होता.

"यूफ्रोन," म्हातारा दगडाला म्हणाला, "आमचा श्वास चालतोय तो तुझ्यामुळे. नियम मीच मोडला तर बाकीच्यांनी तो का पाळावा? पण मला झोप लागत नाही. ऐकतोयस का?"

हातभर अंतरावर माझा भाऊ उभा होता. म्हातारा थांबला.

"बोल ना रे!" मी कुजबुजले.

यूफ्रोनचे ओठ हलले आणि मिटले. म्हातारा बराच वेळ वाट पाहून निघून गेला.

"एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं?" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, ताई."

वेशीपर्यंत तो माझ्या पुढे पुढे चालत गेला. मग म्हणाला, "त्यांचा गाल भाजलेला पाहिलास? मी पडद्याकडे बघत बसलो. आधीच ओरडायला हवं होतं."