पडेगावच्या गच्चीवरचा क्लोरीन

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हाच माझे बिनसले होते. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, आणि नगर सोडल्यावर आत येऊ लागला तो धुरळा. रुमाल नाकाला लावून बसले. हवेवर काम करणाऱ्या बाईला हवाच सोसत नाही, हे शेजारच्या गृहस्थांना सांगायची लाज वाटली.

माझे काम म्हणजे शहराच्या हवेचे गणित संगणकावर मांडायचे. गेली तीन वर्षे मी क्लोरीनच्या मागे आहे. पोहण्याच्या तलावावर जो वास येतो, तोच हा वायू. अंधारात तो हवेत साचतो, ऊन पडले की फुटतो आणि बाकीच्या धुरात मिसळून ओझोन वाढवतो. हा ओझोन छातीत चुरचुरतो. समुद्राकाठच्या शहरांत क्लोरीन मिठातून येतो. मराठवाड्यात समुद्र कुठला? इथे तो प्लॅस्टिक जाळल्याने येत असणार, असा माझा कयास होता.

कायगाव टोक्याच्या पुलावर बस हळू झाली. पुलाखाली धरणाचे पाणी असायला हवे होते. तिथे भेगाळलेली जमीन होती आणि मधूनमधून हिरवे चौकोन.

"गाळपेर हाय ती," शेजारचे गृहस्थ म्हणाले. (गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी.) "काकड्या लावल्यात लोकांनी."

"मग शहराला पाणी कुठून मिळतं?"

"ह्याच्यातूनच की. तळाचं. शहर लई वाढलं ताई, धरण हाय तेवढंच." एवढे बोलून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपी गेले.

वाळूजपासून पुढे इमारती संपेचनात. अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्या विकलेल्या, आणि प्रत्येक फाटकाशी टँकर उभा. बसवरच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होते, कंडक्टर मात्र औरंगाबादच म्हणत होता. स्थानकावर उतरून रिक्षाने दौलताबादच्या रस्त्याला लागले आणि पडेगावात दादाराव शिंद्यांच्या दारात पोचले.

दादाराव मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता निवृत्त. त्यांच्या घरामागच्या नाल्यात भंगारवाले वायरींवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे काढतात. त्या काळ्या धुराने त्यांच्या पत्नीला, शांताकाकूंना, धाप लागते. हिवाळ्यात मी यंत्रासाठी गच्ची शोधत होते तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला होता. मी एका दिवसात यंत्र बसवून परतले. आकडे पुढे मोबाइलवरून पुण्याला येत राहिले, आणि महिन्यातून चार-पाचदा क्लोरीन असा काही उसळी घेई की मी खुर्चीत सरळ बसे. माझ्या संगणकावरच्या गणितात, म्हणजे मॉडेलमध्ये, ती उसळी येत नव्हती. मी मॉडेललाच दोष दिला आणि यंत्राचा आलेख मोठ्या रुबाबात दादारावांना पाठवला. त्यांनी तो अर्जाला जोडला. वायरी जाळणे बंद करावे, या अर्जाची दुसऱ्या दिवशी अकराला सरकारी कार्यालयात सुनावणी होती. तिथे आलेख समजावून सांगायला मी आले होते.

आल्या आल्या मी एक पराक्रम केला. मोरीत भरलेली बादली दिसली, ती सगळी पायांवर ओतली. बाहेर आले तर काकू रिकाम्या बादलीकडे बघत होत्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या आमचा पाण्याचा दिवस हाय."

"म्हणजे?"

"आठवड्यातून एकदा येतं. तुमच्याकडं रोज येतं व्हय?"

मी मान खाली घालून जेवायला बसले. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (येसूर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड). आमटी इतकी चवदार होती की लाज वाटत असतानाही मी दोनदा वाढून घेतली. काकू मात्र दोन घास खाऊन खोकत उठल्या. दादारावांनी आलेख काढून दाखवला. त्याला प्लॅस्टिकचे वेष्टन घातले होते.

"तीन अर्ज झाले, मॅडम. दर बारीला साहेब म्हणतात, पुरावा आणा. आता आणलाय."

पहाटे साडेपाचला गल्लीभर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. मी गच्चीवर यंत्र तपासत होते. धूर नव्हता, वारा नव्हता. टाकीत पाणी पडू लागले तशा काकू जिना चढून आल्या, टाकीचे झाकण बाजूला केले आणि डब्यातली पांढरी पावडर मूठभर आत टाकली. थोडी थांबून आणखी एक मूठ.

"यंदा पाणी लई गढूळ येतंय," त्या म्हणाल्या. "कमी टाकली तर पोटं बिघडतात."

ती ब्लीचिंग पावडर होती. तिचा उग्र वास माझ्यापर्यंत आला. यंत्राची हवा ओढणारी नळी टाकीच्या स्टँडला बांधलेली होती. गच्चीवर सावली तेवढीच, म्हणून हिवाळ्यात मीच ती तिथे बांधली होती. पडद्यावरचा आकडा चढू लागला. आलेखातली दर उसळी अशीच होती: पहाटेच्या अंधारात चढणारी आणि ऊन पडताच उतरणारी, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. म्हणूनच तर मी फसले होते.

खाली आले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकूंनी पाण्याच्या दिवशी "पा" लिहिलेला होता. मी आलेख शेजारी धरला. एकेक उसळी एकेका "पा" वर बसत गेली. माझ्या सांगण्यावरून दादाराव धुराची वही ठेवत होते, रोजची नोंद, वेळेसकट. पाण्याचे मात्र त्यांनी लिहिले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. आणि धुराच्या वहीत पाण्याचा दिवसही लिहायचा असतो, हे या शहरात कोणाला सुचणार?

दादाराव मागे येऊन उभे होते. मी त्यांना सगळे सांगितले.

"म्हणजे धूर नाय?"

"आहे. पण हे दिवस काढले तर आकडा थोडाच उरतो. नळी दुसरीकडे बांधून पुन्हा मोजावं लागेल. वर्षभर."

त्यांनी कॅलेंडरवरच्या एकेका "पा" वर बोट ठेवून पाहिले. मग म्हणाले, "साहेबाला हे कळायचं नाय. तुम्ही गप्प बसलात तर?"

खोटे कशाला बोलू, क्षणभर मला वाटले की बसावे गप्प. आत काकू खोकत होत्या. मी नाही म्हणायच्या आतच दादारावांनी अर्जाची पिन काढली आणि आलेख वेगळा केला.

"तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. खराब माल दाराबाहेर सोडला नाय," ते म्हणाले. "चला, अकराला पोचायचंय."

कार्यालयातल्या साहेबांनी पुरावा विचारला. दादाराव म्हणाले, सध्या नाही. मी वायरींच्या धुराबद्दल जे खात्रीने सांगता येत होते ते सांगितले. साहेबांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि मोजमाप झाले की या म्हणाले. पाच मिनिटांत आम्ही बाहेर उन्हात होतो. दादारावांनी मला रिक्षात बसवून दिले आणि पुन्हा या, असे म्हणाले. त्यांच्याकडे बघवेना.

पुण्याला परतल्यावर पाण्याचे दिवस वगळून गणित पुन्हा चालवले. मॉडेलची रेघ आणि यंत्राची रेघ एकमेकींवर नीट बसल्या. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होते. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. मला मात्र त्यांचे बोलणे नकोसे झाले होते. माझ्या मॉडेलमध्ये शहरातल्या छावणी भागापासून पडेगावापर्यंत मिळून हवेचा एकच चौकोन आहे. त्यातला धूर सगळ्यांना सारखा वाटून टाकला की कोणाच्याच वाट्याला फारसा येत नाही.

काकूंना फोन करून सांगितले, पावडर टाकताना तोंडावर पदर घ्या, वाकून उभ्या राहू नका. त्या हो हो म्हणाल्या. मग गणिताचे कसे झाले, असे त्यांनीच विचारले.

"जुळलं," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत थांबल्या. "ताई, आज काय आमच्या पाण्याचा दिवस नव्हता. धूर हाय पण."