कॉइलचं कव्हर

लष्कराच्या इंजिनिअर्सच्या सर्च पार्टीत असताना माझी पोस्टिंग डोंगरातल्या एका पोस्टवर होती. काम एकच. पहाटे मेटल डिटेक्टर घेऊन पुढे चालायचं, सुरुंग नाही याची खात्री करायची, मग मागून गाड्या सोडायच्या. डिटेक्टर माझ्या हातात. मागे दोन पावलांवर, तपासलेल्या पट्ट्याच्या कडेला झेंड्या रोवत नायक सिद्धार्थ वानखडे, रिठदचा. मी कामरगावचा. अख्ख्या कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

डिटेक्टरच्या टोकाला ताटलीएवढी सर्च कॉइल असते. तिला खालून प्लास्टिकचं कव्हर. रोज परत आलो की कव्हर काढायचं, आतला चिखल ओल्या फडक्यानं पुसायचा, कॉइल सावलीत वाळवायची, केबलला पीळ पडू द्यायचा नाही. पंधरा मिनिटांचं काम. नव्या पोरांना मीच शिकवायचो, चुकले तर शिव्याही द्यायचो.

त्या संध्याकाळी व्हॉलीबॉलची मॅच होती. मी वरवर फडकं मारलं आणि पळालो. कव्हर उघडलंच नाही.

सकाळी ०६१० ला निघालो. डिटेक्टर पावलापावलाला ओरडायला लागला.

"काहून ओरडून राह्यलं बे?" सिद्धार्थ.

"जमीन ओली हाय."

"काल कव्हर उघडलं होतं ना?"

"उघडलं."

मी सेन्सिटिव्हिटी कमी केली. ओरडणं थांबलं. तिथले सुरुंग प्लास्टिकचे, धातू नावालाच. हे मला माहीत होतं. तरी केली.

०६४० ला वळणावर आलो. डिटेक्टर गप्प. मी पुढे गेलो. माझा बूट त्या जागेवर पडला नाही, एवढंच. सिद्धार्थचा पडला.

"वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर. ओव्हर." वायरलेसवर मेसेज गेला.

हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

पोस्टवर आल्यावर मी कव्हर उघडलं. आत लालसर चिखल आणि गंजक्या तारेचा तुकडा. मी ते धुतलं, पुसलं, परत बसवलं. काम नेटकं झालं. लाज वाटते सांगायला, इतकं नेटकं मी आधी कधीच केलं नव्हतं. चौकशीत डिटेक्टर सर्व्हिसेबल, म्हणजे चालू स्थितीत निघाला. रिपोर्टात आलं, जवानाचं पाऊल तपासलेल्या पट्ट्याबाहेर पडलं. मी सही केली.

रिटायर झाल्यापासून त्याच्या स्मृतिदिनाला रिठदला जातो. त्याची बायको, आमच्या वहिनी, मला त्याच्या फोटोशेजारच्या खुर्चीवर बसवतात. यंदा मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "त्यानं तुमाले इचारलं होतं?"

"हो."

"अन तुमी उघडलं म्हनलं?"

"हो."

त्या फोटोकडे वळल्या. "इतके वर्स मी यालेच बोलून राह्यली, भाऊजी. नीट पाहून काहून नाही चालला म्हनून."

मला जा म्हणाल्या नाहीत. बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो.

रिपोर्ट माझ्या सहीचा आहे, म्हणून हेही माझ्याच सहीनं लिहितो. नायक सिद्धार्थ वानखडे, रिठद. त्याचं पाऊल चुकलं नव्हतं. तो मी तपासलेल्या पट्ट्यातच चालत होता.