न जळणारा कापूस

मारेगावकडच्या भंगार गोदामातला तो कापूस निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

खबऱ्याने ठाण्यात येऊन सांगितलं, "साहेब, लोखंडाच्या गोदामातून हमाल कापूस नेऊन राह्यले." भंगारात कापूस कुठून येणार? चोरीचा माल दडवला असेल, म्हणून एका हमालाला चौकशीला आणलं. पन्नाशीचा, तांड्यावर राहणारा माणूस. पंचांसमोर त्याच्या पिशवीतून पांढरट पुंजके निघाले.

"चोरी कायची साहेब? गाडी उतरवली का सांडलेला मूठभर कापूस हमालाचा. बापापासून चालत आलं."

खरं होतं. आमच्या भागात जिनिंगवर, कापसातून सरकी काढतात तिथे, ही रीतच आहे.

"अन् हा बंद गिरणीच्या बॉयलरवरून निघाला. जळतच नाही, पाहा."

जमादाराने काडी ओढली. पुंजका लाल झाला, काडी विझली, पुंजका पुन्हा पांढरा. धूर नाही, वास नाही. जमादाराने तो पिंजून नाकाशी धरला. हमाल हसला. "माही बायको देवाचा कापूस म्हणते. नातवाची उशी भरली तिनं. लेकराले आग शिवत नाही म्हणे."

माल ओळखायला गोदामाच्या मालकाला बोलावलं. तो दारातच थांबला.

"हातात घेऊन सांगा," मी म्हणालो.

तो दोन पावलं मागे सरला, नाकाला रुमाल लावला. "इथूनच दिसते साहेब. माझाच आहे."

स्वतःच्या मालाला भिणारा मालक मी पहिल्यांदाच पाहत होतो. "कापसाले भेता कायले?" मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. शेवटी तो बोलला. ते ॲस्बेस्टॉस होतं, श्वासाबरोबर छातीत शिरणारे दगडाचे धागे. पाणी मारून, नाक-तोंड झाकून उतरवा, असं विकणाऱ्याने त्याला बजावलं होतं.

"मग हमालांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं गाडी उतरवली असती का कोणी?"

मी जमादाराकडे पाहिलं. त्याच्या मिशीवर बारीक पांढरे धागे होते.

तांड्यावर पोचलो तेव्हा भर दुपार होती. बाळ झोपलेलं. आजी त्याच्या डोक्याखालची उशी थोपटत होती आणि कवडशात धागे तरंगत होते. खाली पडतच नव्हते. "थोपटू नका!" मी ओरडलो. बाळाला उचललं, उशी ओली करून प्लास्टिकमध्ये बांधली.

डॉक्टर म्हणाले, छातीत गेलेला धागा निघत नाही. पुढे धाप लागेल, कॅन्सर होईल किंवा काही होणारही नाही. कळायला वीस-तीस वर्षं लागतील.

निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. मालक संध्याकाळी जामिनावर बाहेर. नोकरीभर मी आधी प्रेत पाहिलं, मग आरोपी शोधला. इथे आरोपी समोर उभा होता आणि कोण मरणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. असल्या गुन्ह्याला आपण गुन्हा मानत नाही, म्हणून तो रोज होतो. एक वाक्य सांगायचं होतं. तेवढंही हमालाच्या वाट्याला आलं नाही.

तो हमाल अजून बाजारात भेटतो. "नातू शाळेत पळत जाते साहेब," तो सांगतो, "धापही लागत नाही."

मी विचारलेलं नसतं. तरी दर भेटीत सांगतो.