तिसरा तांब्या

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता आणि मी रोजगार हमीच्या कामावर हजेरी घ्यायचो. घरातला पहिला पदवीधर म्हणून नोकरीचं मोठं अप्रूप होतं. पिण्याचं पाणी माणशी दोन तांबे मिळायचं. खडी फोडणारा एक हडकुळा गडी मात्र तिसऱ्यांदा यायचा, तांब्या दोन्ही हातांनी धरून, खाली बघत.

"ह्याच्या पोटात आड हाय का काय?" बाया हसायच्या.

"साहेब, कितीबी प्यालो तरी घसा कोरडाच ऱ्हातो बगा," तो एकदा म्हणाला.

मी त्याला परत पाठवलं. आठवड्यात तो खडीवरच कोसळला. दवाखान्यात रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली. तो वाचला नाही.

अति तहान हे मधुमेहाचं लक्षण मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याच्यासमोर मला फक्त पाण्याचा नियम आठवला.